गाठ कातडीवर, मूळ जठरात

“एवढीशी तर गाठ आहे डॉक्टरसाहेब, कापून टाका ना!” बेंबीत किंवा पोटाच्या कातडीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टणक गाठ घेऊन आलेल्या रुग्णाच्या घरच्यांचं हे म्हणणं रास्तच वाटतं. गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन थोड्या वेळात काढताही येते. तरीही मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आधी तिचा तुकडा तपासायला पाठवतात, मग तोंडातून दुर्बीण घालतात, सीटी स्कॅन काढतात आणि शेवटी सांगतात, की हा जठराचा कॅन्सर आहे, तो कातडीपर्यंत आलेला आहे आणि आता मोठं ऑपरेशन करायचं नाही. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावाहून यवतमाळ, तिथून सेवाग्राम किंवा नागपूर अशा फेऱ्या मारून दमलेल्या कुटुंबाला यातून एकच अर्थ ऐकू येतो: डॉक्टरांनी हात टेकले.

तसं नसतं. या आजारात सर्जनला भरपूर काम असतं, पण लोकांना अपेक्षित असतं ते नव्हे. कुठली गाठ कशासाठी कापायची आणि कुठली कापण्यात काही हशील नाही, हे ठरवणं हाच त्याच्या कामाचा मोठा भाग असतो. त्यामागची कारणं कळली, तर दवाखान्यात काय विचारायचं हेही कळतं.

विरळ, म्हणून फसवी

२०२२ साली जगात जठराच्या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसं त्यानं दगावली. नव्या रुग्णांच्या संख्येत सगळ्या कॅन्सरांत त्याचा पाचवा क्रमांक लागतो. भारतात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते मिझोराममध्ये. महाराष्ट्रात त्या मानानं तो कमी आढळतो. विदर्भात कॅन्सर म्हटलं की आधी आठवतो तो खर्ऱ्यानं होणारा तोंडाचा कॅन्सर. तोंडातली जखम आरशात दिसते, जठरातली दिसत नाही. त्यामुळे जठराच्या कॅन्सरचे पहिले कित्येक महिने ‘गॅस झाला’, ‘पित्त झालं’, ‘जेवण अंगी लागत नाही’ यातच निघून जातात.

जठराचा कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा यकृतात, पोटाच्या आतल्या अस्तरावर आणि दूरच्या लसिकाग्रंथींत. कातडीवर येणं फार विरळ. शंभर रुग्णांत एकालाही नाही. शरीरातला दुसरा कुठला कॅन्सर कातडीवर आलाच, तर बायकांमध्ये तो बहुतेक करून स्तनाचा असतो आणि पुरुषांमध्ये फुप्फुसाचा. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी आयुष्यभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरलाही जठरातून कातडीवर आलेली गाठ एकदाही दिसली नसेल, अशी शक्यता आहे. मग ती चरबीची गाठ समजली जाते, केसतूड समजली जाते, बेंबीत असेल तर हर्निया समजली जाते.

या गाठीचं रूप साधारण असं असतं: टणक, बहुधा न दुखणारी, कातडीच्याच रंगाची किंवा लालसर-जांभळट, बोटानं हलवली तर फारशी न हलणारी. आठवड्या-आठवड्याला ती वाढताना दिसते. कधी एकच असते, कधी पोट, छाती, मान, चेहरा, डोक्याची कातडी अशी चार ठिकाणी येते. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या व्रणातही ती उगवू शकते. काही जणांत गाठ नसतेच. कातडीचा एखादा पट्टा लाल, सुजलेला, कडक होतो. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो, पण लाली हटत नाही. अशा वेळी कातडीखालच्या बारीक लसिकावाहिन्या कॅन्सरच्या पेशींनी तुंबलेल्या असतात.

इथं एक फरक ध्यानात ठेवायला हवा. जठराच्या कॅन्सरमुळे कातडीत असेही बदल होतात, ज्यांत कॅन्सरची एकही पेशी कातडीत आलेली नसते. मानेवर आणि काखेत काळी, जाड, मखमली कातडी होणं हा त्यातला एक. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या असंख्य लोकांत ही काळी मान दिसते आणि तिचा कॅन्सरशी संबंध नसतो. पण उतारवयातल्या, वजन घटत चाललेल्या माणसात ती अचानक आणि झपाट्यानं आली, तर जठर तपासून घ्यावं लागतं.

बेंबीच का?

कॅन्सरच्या पेशी शरीरभर फिरतात, पण रुजतात मोजक्या जागी. असं का, हा प्रश्न स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं १८८९ साली मांडला. स्तनाच्या कॅन्सरनं मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून त्यानं दाखवून दिलं, की पसरलेल्या गाठी वाटेल तिथं पडत नाहीत. बी सगळीकडे उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या जमिनीत, असा त्याचा सिद्धांत. कापसाच्या मुलखात तो समजावून सांगायची गरज नाही; तीच सरकी काळ्या भारी जमिनीत तरारते आणि मुरमाड बरडावर खुरटते. जठरातून निघालेल्या पेशींना यकृत मानवतं, पोटाचं अस्तर मानवतं. कातडी सहसा मानवत नाही.

बेंबी मात्र अपवाद. पोटाच्या भिंतीत चरबीचा आणि स्नायूंचा थर सगळीकडे असतो. बेंबीपाशी तो जवळजवळ नसतो. तिथं पोटाचं आतलं अस्तर आणि बाहेरची कातडी यांत अगदी थोडं अंतर उरतं. शिवाय गर्भात असताना नाळेतून आलेल्या रक्तवाहिन्यांचे दोर जन्मानंतरही आत शिल्लक राहतात आणि त्यांतला एक बेंबीपासून थेट यकृताकडे जातो. बेंबीच्या लसिकावाहिन्या काखेकडे जातात, जांघेकडे जातात आणि पोटाच्या आतही जातात. म्हणजे आतून बाहेर यायला तिथं वाटा बऱ्याच आहेत. अस्तरावर पसरलेला कॅन्सर सरळ चिकटून बेंबीत येऊ शकतो, लसिकेतून येऊ शकतो, रक्तातून येऊ शकतो.

पोट दुखलं की ‘बेंबी सरकली’ म्हणून तेल लावून चोळून घेणाऱ्या आपल्या समाजात बेंबी हा तसा रोजच्या पाहण्यातला अवयव. तिथं नवी, कडक, वाढती गाठ लागली तर चोळणं थांबवून ती दाखवायला हवी. अशी गाठ हर्नियासारखी दिसते, पण आडवं झाल्यावर आत जात नाही आणि खोकल्यावर फुगत नाही. हे दोन फरक घरच्या घरीही पाहता येतात.

बेंबीतल्या या गाठीला वैद्यकशास्त्रात एका जोगिणीचं नाव आहे. ज्युलिया डेम्प्सी, जन्म १८५६, अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या ख्रिस्ती संघात ती सिस्टर मेरी जोसेफ झाली. विल्यम मेयो या नामवंत सर्जनची ती १८९० पासून पंचवीस वर्षं ऑपरेशनमधली पहिली सहायक होती आणि १८९२ पासून अखेरपर्यंत तिथल्या सेंट मेरीज रुग्णालयाचा कारभार पाहत होती. ऑपरेशनपूर्वी रुग्णाचं पोट धुऊन-पुसून निर्जंतुक करण्याचं काम तिच्याकडे असे. हे करताना तिच्या बोटांना एक गोष्ट वारंवार जाणवली: ज्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते, त्यांचं पोट उघडल्यावर आत कॅन्सर सगळीकडे पसरलेला सापडतो. तिनं हे मेयोंच्या कानावर घातलं आणि १९२८ साली मेयोंनी त्यावर लिहिलं. पुढे १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जननं आपल्या पुस्तकात या गाठीला तिचं नाव दिलं. तोवर तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. १९३९ च्या मार्चमध्ये ती वारली. त्याच वर्षी जुलैत विल्यम मेयोही गेले, आणि गेले ते जठराच्याच कॅन्सरनं. पोटाच्या ऑपरेशनांत ज्यांचा हात धरणारा जगात क्वचितच कुणी होता, त्यांच्यावरही ऑपरेशन झालं होतं; तरी त्यांना वाचवता आलं नाही.

पुढच्या नोंदींवरून कळतं, की बेंबीत अशी गाठ असलेल्या पुरुषांमध्ये मूळ कॅन्सर सर्वाधिक वेळा जठरात निघतो आणि स्त्रियांमध्ये बीजकोशात. म्हणून गाठीचा तुकडा कॅन्सरचा निघाला की पुढची दुर्बीण किंवा सोनोग्राफी कुठं करायची, याचा पहिला अंदाज तिथंच येतो.

पहिलं ऑपरेशन लहानसंच

सर्जनचं या आजारातलं पहिलं काम म्हणजे तुकडा काढणं. कातडीवरची गाठ हे निदानाचं सोपं दार असतं. पोट न उघडता, बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा पंच नावाच्या गोल सुरीनं काढता येतो, किंवा लहान गाठ पूर्णच काढून पाठवता येते. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या थरात ग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशी दिसतात. जठरातल्या एका प्रकारात पेशीत चिकट द्रव साठून केंद्रक कडेला ढकललं जातं आणि ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते; अशी पेशी दिसली की पॅथॉलॉजिस्टचं लक्ष जठराकडे जातं. मग खास रंगद्रव्यांच्या चाचण्या करून मूळ जागेचा अंदाज पक्का केला जातो.

त्यानंतर तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या आतल्या जखमेचे सहा-आठ तुकडे घेतात. एका तुकड्यावर का भागत नाही? कारण जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार आतल्या अस्तराखालून पसरतो. वरवरचा तुकडा निर्दोष येतो आणि खाली सगळी भिंत कडक झालेली असते. त्यानंतर सीटी स्कॅन. त्यात सगळं साफ दिसलं आणि पुढे जठर काढायचा विचार असला, तर पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीनं आत पाहतात, कारण पोटाच्या अस्तरावरचे बारीक दाणे स्कॅनमध्ये चुकतात.

गावोगावी ऐकू येणारी एक समजूत इथं आडवी येते: गाठीला चाकू लागला की कॅन्सर पसरतो. ही समजूत उगाच जन्मली नाही. सीटी स्कॅन नव्हते तेव्हा पोट उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे. उघडल्यावर सगळीकडे गाठी दिसत, सर्जन तसंच शिवून टाकी आणि रुग्ण काही महिन्यांत जाई. घरच्यांना दिसे ते एवढंच, की चालता-बोलता माणूस दवाखान्यात नेला, चाकू लागला आणि गेला. पण त्याला मारलं ते आधीच पसरलेल्या आजारानं. जठरातून निघून कातडीवर आलेला कॅन्सर तुकडा काढल्यामुळे पसरत नाही. तो पसरल्यामुळेच तिथं आलेला असतो. उलट तुकडा टाळल्यानं जातो तो वेळ, आणि या आजारात तोच कमी असतो.

जठर काढून टाकलं तर?

आता मुख्य प्रश्न. कातडीवरची गाठ काढली, जठरही काढलं, मग कॅन्सर गेला का?

जठराचा भाग काढून रुग्ण जगवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न थिओडोर बिलरोथ या सर्जननं व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ रोजी केला. रुग्ण होती ४३ वर्षांची थेरेसे हेलर. जठराचं खालचं तोंड कॅन्सरनं बंद झालं होतं, अन्न पुढं सरकत नव्हतं. त्याआधी फ्रान्समध्ये १८७९ साली पेआँनं आणि पुढच्या वर्षी रिडिगियर या पोलिश सर्जननं असं ऑपरेशन केलं होतं, पण रुग्ण वाचले नव्हते. थेरेसे हेलर वाचली, जेवू लागली, घरी गेली. आणि साधारण चार महिन्यांनी वारली, कारण कॅन्सर आधीच शरीरात पसरलेला होता. जठराच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातली ही पहिली जिंकलेली लढाई. तिची मर्यादाही त्याच रुग्णात दिसली. १८९७ मध्ये झुरिचला कार्ल श्लाटरनं संपूर्ण जठर काढून रुग्ण जगवला. पुढे तंत्र सुधारत गेलं, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी पद्धतशीर काढण्याचं शास्त्र जपानी सर्जनांनी घडवलं. जठरात आणि जवळच्या ग्रंथींत थांबलेल्या कॅन्सरमध्ये हे ऑपरेशन आजही बरं करणारा मुख्य उपचार आहे.

कॅन्सर दूर पसरल्यावर मात्र हिशेब बदलतो. कातडीवर दिसणारी एक गाठ म्हणजे पेशी रक्तात किंवा लसिकेत फिरल्याचा पुरावा. दिसणारी एक काढली तरी न दिसणाऱ्या कुठं कुठं आहेत ते सांगता येत नाही. तरीही मूळ गाठ काढून शरीरातला भार कमी केला तर औषधं जास्त चालतील, असं बऱ्याच सर्जनांना वाटत होतं. हे खरं आहे का, ते पाहण्यासाठी जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमध्ये ‘रेगाटा’ नावाची चाचणी झाली. यकृत, पोटाचं अस्तर किंवा महाधमनीजवळच्या ग्रंथी यांपैकी एकाच ठिकाणी मर्यादित पसरलेल्या १७५ रुग्णांत अर्ध्यांना नुसती केमो दिली आणि अर्ध्यांचं आधी जठर काढून मग केमो दिली. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी जिवंत होते नुसत्या केमोच्या गटात १०० पैकी सुमारे ३२, आणि ऑपरेशनच्या गटात सुमारे २५. ऑपरेशननं फायदा होईल अशी चिन्हं दिसेनात, तेव्हा चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. जठर काढल्यानंतर माणसाचं खाणं घटतं, वजन उतरतं, ताकद जाते आणि मग केमोची पूर्ण मात्रा सोसवत नाही. पसरलेल्या आजारावर खरं काम करणारं औषधच अपुरं पडतं.

पुढे जर्मनीत आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम लावून ‘रेनेसाँ’ ही चाचणी झाली. तिचा निकाल २०२४ मध्ये जाहीर झाला आणि एकूण रुग्णांत ऑपरेशनचा फायदा तिथंही दिसला नाही. पोटाच्या मागच्या बाजूच्या दूरच्या लसिकाग्रंथींपुरताच आजार पसरलेल्यांना मात्र काही लाभ झाल्यासारखा दिसला.

कातडीवर पसरलेले रुग्ण इतके थोडे असतात की फक्त त्यांच्यावर अशी मोठी चाचणी होणं अवघड. त्यांच्याबद्दल हाती आहेत त्या एकेका रुग्णाच्या हकिकती. त्यांत बेंबीतली एकच गाठ आणि जठर दोन्ही काढून, सोबत केमो देऊन अपेक्षेपेक्षा जास्त जगलेली माणसंही आहेत. म्हणून ‘कधीच नाही’ असा नियम नाही. काही महिने केमो दिल्यावर नवी गाठ आली नाही, जुन्या गाठी विरल्या, स्कॅनमध्ये आणि दुर्बिणीत बाकी पोट स्वच्छ दिसलं आणि रुग्ण ताकदीचा असला, तर सर्जन, केमोचे डॉक्टर आणि किरणोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून ऑपरेशनचा विचार करतात. पण हा निवडक रुग्णांचा रस्ता, आणि केमोच्या आधी नव्हे, केमोला मिळालेला प्रतिसाद पाहून धरायचा.

मग सर्जन काय करतो?

बरंच काही. जठराचं खालचं तोंड गाठीनं बंद झालं की खाल्लेलं सगळं तासा-दोन तासांनी उलटून पडतं. कधी कधी आदल्या दिवशीचं जेवण उलटीत दिसतं. असा माणूस कॅन्सरच्या आधी उपासमारीनं खचतो. दोन उपाय असतात. एक, दुर्बिणीतून धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून वाट मोकळी करणं. पोट न कापता काम होतं आणि दोन-चार दिवसांत पातळ अन्न सुरू होतं. दुसरा, लहान आतड्याचा एक वळसा थेट जठराला जोडून गाठीला वळसा घालणारा रस्ता, म्हणजे बायपास, करणं. त्याला वेळ लागतो, पण तो टिकतो जास्त. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका चाचणीतून साधारण सूत्र निघालं: रुग्णाकडे दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल असा अंदाज असला तर बायपास, नसला तर स्टेंट.

जठराच्या गाठीतून रक्त वाहू लागलं तर आधी दुर्बिणीतून ते थांबवण्याचा प्रयत्न होतो. जमलं नाही तर रक्तवाहिनी आतून बंद करतात किंवा थोड्या मात्रेचे किरण देतात. हे सगळं फसलं तरच जठर काढण्याची वेळ येते. जठराला छिद्र पडलं तर मात्र तातडीचं ऑपरेशन. वरून खाणं शक्य नसेल तर लहान आतड्यात नळी बसवून त्यातून पातळ आहार देता येतो.

आणि कातडीवरची गाठ? ती फुटली, रक्त येऊ लागलं, दुर्गंधी सुटली, कपड्याला घासून दुखू लागली तर ती काढण्यात नक्की अर्थ आहे. आयुष्य वाढेल म्हणून नव्हे, तर माणसाला घरातल्या चार लोकांत बसता यावं, रोजचं ड्रेसिंग टळावं म्हणून. गाठ मोठी असेल, काढल्यावर कातडी जुळणार नसेल तर किरणोपचारानं ती आकसवतात. दुर्गंधी जंतूंमुळे येते; जखमेवर मेट्रोनिडाझोल लावलं की ती बरीच कमी होते. हा साधा, स्वस्त उपाय तालुक्याच्या दवाखान्यातही करता येतो.

मूळ आजारावरचं काम औषधं करतात. केमोनं कातडीवरच्या गाठी कधी कधी इतक्या आकसतात, की औषध लागू पडतंय की नाही हे घरच्यांना नुसत्या डोळ्यांनी कळतं. तुकड्याची ‘हर-टू’ चाचणी करून घ्यायला हवी. जठराच्या कॅन्सरच्या साधारण १०० पैकी १५ ते २० रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते आणि त्यांना ट्रास्टुझुमॅब हे औषध केमोसोबत देता येतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानं जगण्याचा काळ (मध्यक) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. आकडा लहान वाटतो, पण चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये तो लहान नाही. बंगळूरच्या बायोकॉननं २०१४ मध्ये या औषधाचं भारतीय रूप बाजारात आणलं, त्यामुळे किमतीचा अडसर काहीसा कमी झाला. काही रुग्णांना रोगप्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधंही उपयोगी पडतात.

कातडीवर पसरलेल्या जठराच्या कॅन्सरमध्ये उरलेला काळ बहुतेकांच्या बाबतीत महिन्यांत मोजावा लागतो, हे डॉक्टरांनी सांगायला हवं आणि घरच्यांनी ऐकायला हवं. वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. ‘सवय लागेल’ म्हणून त्या नाकारून माणसाला तळमळत ठेवण्यात काही शहाणपण नाही.

आर्णीहून निघताना

नागपूर–तुळजापूर महामार्गावरच्या आर्णीहून यवतमाळ साधारण चाळीस किलोमीटर. दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि तुकडा यासाठी थेट मुंबई गाठायची गरज नाही. यवतमाळला १९८९ साली सुरू झालेलं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कॅन्सरच्या पुढच्या उपचारांसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था आणि मिहानमधलं एम्स आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि किरणोपचार येतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जायचं.

दवाखान्यात ‘ऑपरेशन करणार का?’ एवढंच विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारावं: ऑपरेशननं काय साधणार आहे? खाणं सुरू होणार, रक्त थांबणार, दुखणं कमी होणार की आयुष्य वाढणार? ऑपरेशन केलं तर केमोला किती उशीर होईल? हर-टू चाचणी झाली का? या प्रश्नांना प्रत्येक रुग्णाचं उत्तर वेगळं असतं, म्हणूनच ते विचारायचे.

सर्जनच्या सुरीचा पूर्ण उपयोग होतो तो कॅन्सर जठरातच असताना. जपानमध्ये राष्ट्रीय पातळीवर तपासणी मोहीम आहे. तिथं अगदी सुरुवातीला सापडलेल्या रुग्णांपैकी १०० पैकी ९० हून अधिक पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, आणि काहींची गाठ तर तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनंच खरवडून काढता येते. आपल्याकडे प्रमाण कमी असल्यानं सर्वांची दुर्बीण करणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. पण पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं अपचन, दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, सततची उलटी, डांबरासारखी काळी शी, वाढत जाणारा फिकेपणा, यांतलं काहीही असेल तर औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने गॅसच्या गोळ्या आणणं थांबवावं. त्या गोळ्या कॅन्सरच्या जखमेचंही दुखणं काही काळ दाबतात आणि दुर्बीण पुढं ढकलली जाते. जठरात मुक्काम करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग सापडला तर त्यावर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ साली या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं आहे. बिडी-सिगारेट आणि फार खारवलेलं खाणंही धोका वाढवतं.

आणि एक काम असं आहे, जे तालुक्याच्या ठिकाणीच होतं किंवा राहून जातं. कुठल्याही लहान दवाखान्यात बधिर करून गाठ काढली, तर ती बादलीत जाता कामा नये. फॉर्मालिनच्या बाटलीत घालून, नाव-वय-जागा लिहून पॅथॉलॉजीला गेली पाहिजे, आणि अहवाल येईपर्यंत घरच्यांनी पिच्छा सोडू नये. चरबीची गाठ निघाली तर थोडे पैसे जास्त गेले, एवढंच. जठराची निघाली तर पुढचा सगळा उपचार त्या एका बाटलीपासून सुरू होतो. फेकून दिली तर तेच निदान काही महिन्यांनी, जास्त खचलेल्या शरीरात, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.